हात कुठवर पोचतो?

पोटाचं ऑपरेशन झालं की राउंडला आलेले सर्जन एक प्रश्न हमखास विचारतात: "गॅस पास झाला का?" खाटेशी उभी असलेली सून खिडकीबाहेर बघायला लागते. पण प्रश्न मोलाचा आहे. पोट उघडलं की आतडी काही काळ रुसतात, हलायची थांबतात. वारा सरला म्हणजे ती पुन्हा कामाला लागली.

हे हलणं महत्त्वाचं का? पोटाच्या आतल्या बाजूला आणि आतड्यांवर पेरिटोनियम नावाचं अतिशय पातळ अस्तर असतं. पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास आपल्या त्वचेएवढं भरेल. ओलसर काचेवर काच सरकावी तशी त्याच्यामुळे आतडी एकमेकांवरून सरकतात. ऑपरेशनमध्ये हे अस्तर खरचटतं, सुकतं, त्याला रक्त लागतं. मग काही तासांतच तिथे फायब्रिन या प्रथिनाचा चिकट थर बसतो. शरीराकडे तो विरघळवायची सोयही असते, पण जखमी जागेत ती मंदावते. काही दिवसांत थर विरघळला तर प्रश्न मिटला. नाही विरघळला, तर त्यात तंतू विणले जातात, रक्तवाहिन्या शिरतात, चेतातंतूसुद्धा. मग तो चिकटा राहत नाही, पक्का पट्टा होतो. डॉक्टर ज्याला अ‍ॅडहेजन्स म्हणतात आणि आपण 'आतडी चिकटली' म्हणतो, ते हेच.

हे किती जणांना होतं? मेन्झीज आणि एलिस यांनी १९९० मध्ये आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या ९३ टक्क्यांच्या पोटात चिकटलेलं सापडलं. घाबरू नका, यातल्या बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण सगळेच सुटतात असंही नाही. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली ऑपरेशन झालेल्या सुमारे ३० हजार लोकांचा दहा वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांतली साधारण एकतृतीयांश माणसं अशा कारणांनी पुन्हा दाखल झाली, ज्यांच्याशी या चिकटण्याचा नक्की किंवा संभाव्य संबंध होता. आपल्याकडे याचा विचार करताना सिझेरियन विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली होती.

मग पुन्हा पोट उघडून पट्टे कापून टाकावेत? आतडं अडलं असेल तर कधीकधी इलाज नसतो, कापावंच लागतं. नुसत्या दुखण्यासाठी मात्र थांबा. नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांना दुर्बिणीतून तपासलं. जवळपास निम्म्यांचे पट्टे कापले, बाकीच्यांचे तसेच ठेवले, आणि कोणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नाही. २००३ साली निष्कर्ष छापून आला. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं आणि गटागटांत फरक नव्हता. शिवाय कापलेल्या जागा पुन्हा चिकटू शकतात.

इथे आमचा धंदा पुढे येतो. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे आमच्या हातांची तारीफ ऐकायला मला आवडतंच. जेफ्री बोव्ह आणि सुसान चॅपेल यांनी २०१२ मध्ये उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांच्या पोटावर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून रोज हाताने उपचार केले. त्यांच्यात चिकटणं कमी आढळलं. ज्यांच्यावर थेट सातव्या दिवशी उपचार केले, त्यांना तेवढा लाभ दिसला नाही. मला यात हाताच्या जादूपेक्षा वेळेचं महत्त्व दिसतं. फायब्रिन ओला असताना हालचाल उपयोगी पडते, पट्टा पक्का झाल्यावर नाही. आणि उंदराच्या पोटाची भिंत आपल्याइतकी जाड नसते, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका चमूने माणसांवरच्या उपचारांचे उत्साहवर्धक निष्कर्ष छापले आहेत, पण लिहिणारे उपचार देणाऱ्यांपैकीच, आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. वर्षानुवर्षांचे पट्टे हाताने तोडतो, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर फी देण्याआधी पुरावा मागा.

मग आम्ही करतो काय? आधी दुखणं कुठल्या थरात आहे ते शोधतो. १९२६ मध्ये कार्नेट या अमेरिकन सर्जनने एक साधी तपासणी सांगितली. रुग्णाला उताणं झोपवून दुखरी जागा दाबायची आणि डोकं उचलायला सांगायचं. स्नायू ताठ झाल्यावर दुखणं कायम राहिलं किंवा वाढलं, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीत आहे. कमी झालं तर आत. सोनोग्राफीत, सीटीत बारीक पट्टे सहसा दिसतच नाहीत. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून घरी पाठवलेल्या, वैतागलेल्या माणसाला या दहा सेकंदांच्या तपासणीने निदान दिशा मिळते. भिंतीपर्यंत आमचा हात पोचतो. व्रण मोकळा करता येतो. पण टाके भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, सर्जनची परवानगी घेऊन. ऑपरेशननंतर माणूस पोट सांभाळत वाकून चालायला लागतो, छातीतच श्वास घेतो. त्याला पुन्हा सरळ उभं करणं आणि पोटापर्यंत श्वास घ्यायला शिकवणं हे बिनदिखाव्याचं काम आमचं खरं काम आहे.

एक चिठ्ठी आली आहे. 'सिझेरियननंतर मालिशवाली बाई पोट चोळते, पट्टा बांधते. त्याने आतलं सुटतं का?' पाठ-पाय खुशाल चोळून घ्या, ओल्या टाक्यांवर जोर देऊ नका. पट्ट्याने खोकताना, उठताना आधार वाटतो. त्याने आतडी सुटत नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी खाटेवरून उतरून चालणं, हे जास्त कामाचं. मात्र जुनं ऑपरेशन असलेल्या माणसाचं पोट मुरडून दुखतंय, फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारा सरत नाही, तर बाईलाही बोलावू नका, मलाही नाही. बेंबी सरकली असेल म्हणून चोळत बसू नका. तोंडाने काही देऊ नका, थेट सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा थांबला असेल, तर हातात काही तासच असतात.