ठिपकेदार भुंगेऱ्यांची कुळकथा

वांग्याच्या वाफ्यात सकाळच्या प्रहरी फेरी घातली, तर एखादे तरी पान असे आढळते की त्याच्या शिरा तेवढ्या शिल्लक आहेत आणि मधला हिरवा गर कोणीतरी खरवडून नेला आहे. ते पान उलटून पाहावे. अर्ध्या वाटाण्याएवढा, विटकरी रंगाचा, पाठीवर काळे ठिपके असलेला एक भुंगेरा तेथे निवांत बसलेला असतो. शेजारच्या चवळीवर माव्याचा फडशा पाडणारा ढालकिडाही ह्याच घाटाचा आणि असाच रंगीत. एक पिकाचा वैरी, दुसरा राखणदार. आणि दोघेही एकाच कुलातले! येथे भल्याभल्यांची फसगत होते. कोणी वैऱ्याला राखणदार समजून अभय देतो, तर कोणी राखणदारालाच चिरडून टाकतो. आज ह्या वैऱ्याच्या प्रजातीविषयी, म्हणजे हेनोसेपिलॅक्ना अशा लांबलचक नावाच्या घराण्याविषयी, चार शब्द सांगावयाचे आहेत.

ढालकिड्यांच्या कुलात सुमारे सहा हजार जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य मांसाहारी. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीटक हे त्यांचे भक्ष्य. परंतु हजाराहून अधिक जाती असलेल्या एका शाखेने पानांचा आहार पत्करला. आहार पालटला तसा जबडाही पालटला. भक्ष्य फोडण्याऐवजी पान खरवडण्यास सोयीचे अनेक दाते त्याला आले. ह्या शाकाहारी मंडळींच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे त्यांना चकाकी नसते. मावा खाणाऱ्यांची पाठ गुळगुळीत आणि लखलखीत असते. शाकाहाऱ्यांची अळी पिवळसर असून तिच्या अंगभर फाटे फुटलेले काटे असतात. बागाइतदाराला एवढी खूण पुरे आहे. शास्त्रज्ञांना मात्र ती पुरली नाही.

लिनीअसने १७५८ साली ढालकिड्यांना कॉक्सिनेला हे नाव दिले. पुढे १७७५ मध्ये त्याचा शिष्य फॅब्रिशियस ह्याने आपल्या वांग्यावरील ह्या भुंगेऱ्याचे वर्णन केले आणि ठिपके मोजून त्याला 'अठ्ठावीस ठिपक्यांचा' असे लॅटिन नाव बहाल केले. नाव सुटसुटीत खरे, पण ठिपके ही वस्तू भरवशाची नाही. प्रत्येक कठीण पंखावर सहा ठिपके कायमचे असतात आणि आणखी आठांपर्यंत ठिपके असू शकतात. पण हे आठ कोठे असतात, कोठे नसतात, कोठे एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे ज्याच्या अंगी केवळ कायमचे ठिपके आहेत तो बारा ठिपक्यांचा, आणि ज्याच्या अंगी सगळे आहेत तो अठ्ठावीस ठिपक्यांचा! बारा ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला खरोखरच निराळे नाव मिळाले होते. पुष्कळ अभ्यासकांच्या मते तो निराळा नाहीच. अंगरख्याच्या गुंड्या मोजून माणसांची घराणी ठरवावीत, तशातलाच हा प्रकार.

ही गुंतागुंत सोडविण्यात मोठा वाटा असलेले एक गृहस्थ कीटकशास्त्रज्ञ नव्हते, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जी. एच. डीके हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. वर्णपटाच्या अभ्यासात त्यांची ख्याती. प्रकाशाच्या रेषा मोजणाऱ्या ह्या माणसाने १९४७ साली आशिया, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथील एपिलॅक्ना भुंगेऱ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ठिपक्यांवर विसंबून न राहता त्यांनी नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, कारण वरचा रंग पालटला तरी ही रचना सहसा पालटत नाही. त्यानंतर तैवानातील भुंगेऱ्यांचा अभ्यास करताना ली ह्यांनी १९६१ साली एपिलॅक्नामधून हेनोसेपिलॅक्ना ही प्रजाती वेगळी काढली. तिची मुख्य खूण मोठी नाजूक आहे: मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूचे शेवटचे कडे मधोमध उभे चिरलेले असते. आज ह्या प्रजातीत दोनशेंहून अधिक जाती गणल्या जातात.

आता कोणी विचारील, शरीररचनेचा दाखला मिळाला की वाद मिटला ना? जपानातील भुंगेऱ्यांनी तो मिटू दिला नाही. तेथे हारुओ काताकुरा ह्यांनी १९८१ मध्ये एका जवळच्या गटाचे वर्गीकरण केले. त्यातील निपोनिका ही जाती आपल्या उटकटारीच्या कुलातील काटेरी झुडपांवर राहते. यासुतोमी ही जाती दारुहळदीच्या कुलातील एका रानवनस्पतीवर राहते. दोघींची प्रयोगशाळेत गाठ घालून दिली, तर त्या बिनतक्रार जोडी जमवितात. संतती धडधाकट निपजते आणि तिलाही पुढे संतती होते. रक्ताचा अडसर कोठेच नाही. तथापि रानात त्यांचा संकर घडत नाही, कारण प्रत्येक भुंगेरा आपल्याच झाडावर खातो, तेथेच जोडीदार शोधतो आणि तेथेच अंडी घालतो. पंगत वेगळी म्हणून सोयरीक नाही, आणि सोयरीक नाही म्हणून जाती वेगळी! १९८९ साली काताकुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पुरावा सविस्तर मांडला. माझ्या मते ह्या प्रजातीने जीवशास्त्राला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी होय. जाती नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठरत नाही, ती कोणत्या पानावर बसते हेही पाहावे लागते.

हीच गोष्ट आपल्या परसातही पाहावयास मिळते. वांग्यावरून नजर काढून कारल्याच्या मांडवाकडे वळावे. तेथेही पानांची तशीच जाळी झालेली दिसेल आणि तसाच विटकरी, ठिपकेदार भुंगेरा बसलेला आढळेल. त्याचे नाव हेनोसेपिलॅक्ना सेप्टिमा; 'सेप्टिमा' हे नामकरण डीके ह्यांनी त्याच १९४७ च्या ग्रंथात केलेले आहे. वांग्यावरील भुंगेरा आणि हा, असे दोघे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी त्यांतील फरक सांगणे मोठे अवघड जाते. म्हणून असा भुंगेरा उचलून डबीत घालताना त्याच्या खालचे पानही तोडून सोबत ठेवावे, आणि डबीवरच्या चिठ्ठीत तारखेखाली त्या झाडाचे नाव लिहावे.