खाणीनंतरची जमीन

खनिज काढून घेतल्यावर मागे उरलेल्या जमिनीचे काय करावे, हा प्रश्न कोरड्या प्रदेशात विशेष बिकट होतो. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 300 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तेथे गिरल येथे लिग्नाइटसाठी वरचे थर उपसून त्यांचे ढिगारे रचण्यात आले. खोलातील ही माती खारट व सेंद्रिय द्रव्याला पारखी असते. पावसाने तिच्यावर कठीण पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही.

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा जमिनीवर प्रयोग केले. अर्धचंद्राकृती बांधांनी पाणी अडवावयाचे, शेणखत व वरच्या थरातील माती मिसळावयाची आणि दुष्काळ सोसणारी झाडे व गवते लावावयाची, अशी ही रीत आहे. माती सोडियमयुक्त असल्यास जिप्समचाही उपयोग होतो. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले क्षार पाण्याबरोबर खाली जातात.

वरच्या मातीत बी व सूक्ष्मजीव जिवंत असतात. म्हणून खोदकामाच्या पहिल्याच दिवशी ती वेगळी राखली पाहिजे. तसे न केल्यास तेथील गुराख्यांना आपले कुरण परत मिळण्यास पिढ्या लागतील.