सुपांतील खडा

फाल्गुन लागला कीं बोदवडच्या काळ्या रानांतील दादर खळ्यावर येते. बैलांची पात आतां क्वचितच दृष्टीस पडते. मळणीयंत्रच बहुतेक काम उरकतें. पण यंत्रांतून निघालेल्या ज्वारीबरोबर फोलकट येतें, माती येते आणि खडाही येतो. फोलकट वारा नेतो, बारीक माती चाळणींतून गळते. उरतो तो नेमका दाण्याएवढा खडा. चाळणी त्याला ओळखीत नाहीं, आणि मग भाकरीच्या पहिल्याच घांसाला तो आपली ओळख करून देतो. त्याला हुडकून काढण्याचें काम घरांतील सुपाकडे येतें.

सुपाचीं कामें दोन. पाखडणें निराळें, घोळणें निराळें. पाखडण्यांत वाऱ्याची मदत असते. घोळण्यांत दाणे सुपांतल्या सुपांत एकमेकांवरून सरकतात, आणि खडा तळाशीं जातो. कां जातो असें विचारलें तर गृहिणी म्हणेल, तो जड असतो म्हणून. उत्तर खरें आहे, परंतु अपुरें आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांना शंका असेल त्यांनीं वाटीभर ज्वारीवर एक खडा ठेवून पाहावा. महिना लोटला तरी तो तेथेंच राहील. पाण्यावर ठेवलेला खडा तत्क्षणीं बुडतो, धान्यावरचा बुडत नाहीं. कारण स्थिर धान्यांत प्रत्येक दाणा शेजाऱ्यांना टेकलेला असतो, आणि त्या आधारावर खड्याचाही भार तोलला जातो. धान्य वाहूं लागलें म्हणजे हा आधार सुटतो. ज्वारीचा दाणा पाण्याच्या सुमारें सव्वापट जड, तर खानदेशांतील काळ्या पाषाणाचा खडा जवळजवळ तिप्पट. एवढा फरक वाहत्या धान्याला पुरेसा होतो.

पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेंतील अनुराग त्रिपाठी व देवांग खक्कर यांनीं हाच प्रश्न संगणकावर मांडला. उतरणीवरून वाहणाऱ्या गोळ्यांच्या थरांत तेवढ्याच आकाराचा, पण अधिक जड असा एक गोळा कसा बुडेल, याचें विवेचन त्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें. निष्कर्ष मौजेचा आहे. दाट द्रवांतून बुडणाऱ्या गोळ्याला होणाऱ्या विरोधाचा जो नियम स्टोक्स या शास्त्रज्ञानें १८५१ मध्यें दिला, जवळजवळ त्याच स्वरूपाचा नियम येथेंही लागू पडला. म्हणजे काकवींत बुडणारा मणी आणि सुपांत बुडणारा खडा हे एकाच कुळांतले!

आकार निराळा असला कीं गुंतागुंत वाढते. वाहत्या दाण्यांमध्यें क्षणोक्षणीं फटी पडतात. त्यांतून बारीक कण खालीं उतरतो, मोठा वर राहतो. म्हणून जड पण मोठा खडा वजनानें खालीं आणि आकारानें वर ओढला जाऊन मध्येंच रेंगाळूं शकतो. सुदैवानें असा खडा डोळ्यांना चुकत नाहीं.

जळगावच्या डाळगिरण्यांत सुपाची जागा यंत्रानें घेतली आहे. जाळीदार उतरत्या तळाखालून हवा सोडतात आणि तो तळ सारखा हलवीत ठेवतात. डाळ किंचित् उचलली जाऊन उताराकडे वाहते. जड खडा मात्र तळाला टेकून राहतो आणि प्रत्येक धक्क्यासरशी चढावर चालूं लागतो. डाळ खालच्या तोंडानें बाहेर पडते, खडे वरच्या!

परंतु जो गुण सुपांत उपकारक, तोच बाजारांत घातक ठरतो. बोदवडच्या बाजारांत शेतकऱ्यानें पोतें ओतलें म्हणजे ज्वारी ढिगाच्या अंगावरून ओघळते. त्या पातळ ओघांतही निवड चालूच असते. खडे लवकर बुडून ढिगाच्या पोटांत, धारेच्या जवळ बसतात. फोलकट पायथ्यापर्यंत वाहत जातें. व्यापाऱ्यानें पायथ्याची मूठ उचलली तर फोलकट अधिक दिसतें आणि शेतकऱ्याचा भाव उतरतो. पण त्याच मुठींत खडे कमी असल्यानें व्यापाऱ्याचीही फसगत होते. मूठ मारणारा प्रामाणिक असला तरी ढीग प्रामाणिक नसतो. ढीग पुन्हा पुन्हा उलथून कालवावा, तर प्रत्येक उलथण्याबरोबर नवा ओघ आणि नवी निवड! त्यापेक्षां पोतें रिकामें होत असतांनाच पडत्या धारेच्या पूर्ण रुंदीखालीं आरंभीं, मध्यें व शेवटीं एकेक मापटें धरावें. हवेतून पडणाऱ्या दाण्यांना एकमेकांवरून सरकण्यास अजून अवसरच मिळालेला नसतो.