डोळ्यांची तपासणी: चष्म्याच्या नंबरापलीकडे

सुईत दोरा ओवायला हात लांब धरावा लागला, की चाळिशी लागली समजा. सगळं धुरकट दिसतंय, समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात, तर बहुधा मोतीबिंदू. तो पिकण्याची वाट पाहू नका. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवता येतं. काचबिंदू मात्र बहुतेकदा न दुखता कडेची नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. तो नुसता नंबर काढून कळत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्यातला दाब मोजतात, थेंबांनी बाहुली मोठी करून आतली नस पाहतात. या थेंबांमुळे त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका. मधुमेहींनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावाच. अचानक दिसेनासं झालं, डोळ्यांपुढे वीज चमकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.