पहिले चोवीस तास
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भाव, वीज आणि पाणी यांवर बोलून झाले. आमचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती आमच्या कानावर आली. 'आरोपीचे हक्क' हा काय शेतकऱ्यांच्या बैठकीचा विषय आहे? कापसाला भाव मिळेना आणि चोराच्या हक्कांची कसली पंचाईत? शंका रास्त आहे. आम्ही वकील नाही. शिकलो शेतकी, आणि पुढे चळवळीत आलो. तरीही हा विषय मागून घेतला. का मागून घेतला, ते सांगतो.

अटक आपल्याला नवी नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. रास्ता रोको होतो. पोलिसांची गाडी येते, आपण घोषणा देत आत चढतो. गाडी ठाण्यावर न जाता एखाद्या मंगल कार्यालयावर जाते. सतरंज्या अंथरलेल्या असतात. नावे लिहून घेतात, पोलीस कायद्याचे ६८-६९ कलम लावतात, कुणीतरी पोहे आणतो आणि दिवेलागणीला सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आपल्यातल्या कित्येकांनी अशा पंधरा-वीस अटका पाहिल्या आहेत. त्यामुळे अटक म्हणजे हे असेच काहीतरी असते, असा आपला समज झाला आहे. पण खरी अटक एकट्याला होते, रात्री होते आणि तिथे घोषणा द्यायला कोणी नसते.

अशी एक अटक आमच्या तालुक्यात काही वर्षांपूर्वी झाली. त्या हंगामात विहिरींवरच्या मोटारी आणि केबली सारख्या चोरीला जात होत्या. गव्हाला दुसरे पाणी द्यायची वेळ, आणि सकाळी विहिरीवर जावे तर केबल कापून नेलेली. ज्याच्यावर ती पाळी आली त्यालाच त्याचा संताप कळेल. एका मंगळवारी रात्री गावकऱ्यांनी शिवारात एका तरुणाला धरले. पारधी समाजातला, वय एकोणीस-वीस. त्याच्याजवळ काही सापडले नाही. चार हात बसले, मग पोलिसांची गाडी बोलावून त्याला त्यांच्या हवाली केले. पुढे होऊन हवाली करणारा आपल्याच संघटनेचा गावप्रमुख होता. 'साहेब, दोन-चार दिवस ठेवा, बाकीच्यांची नावे निघतील,' असेही तो म्हणाला. आम्ही तेव्हा तालुक्याचे काम पाहत होतो. दुसऱ्या दिवशी आम्हाला हे कळले, आणि आम्ही काहीही केले नाही.

शुक्रवारी त्या तरुणाची अटक दाखवली आणि शनिवारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. मंगळवार रात्र ते शुक्रवार, हे दिवस कुठल्याच कागदावर नाहीत. अटक पंचनाम्यावर तारीख शुक्रवारची, आणि खाली साक्षीदार म्हणून सही आपल्या त्याच गावप्रमुखाची. ज्याने मंगळवारी रात्री स्वतःच्या हाताने त्याला गाडीत बसवले, त्यानेच शुक्रवारी अटक झाली म्हणून सही केली. त्याने लबाडी म्हणून हे केले नाही. ठाण्यात बोलावले, कागद पुढे केला, त्याने सही ठोकली. आपण सगळे अशाच सह्या ठोकतो. पंच म्हणून किती कोऱ्या कागदांवर आपल्या सह्या पडल्या असतील, याचा ज्याने त्याने मनाशी हिशेब करावा.

आता घटना काय म्हणते ते पाहू. घटनेचे कलम २२ सांगते की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला सर्वांत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे नेले पाहिजे. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय चोवीस तासांपुढे एक तासही कोठडीत ठेवता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला यातून वगळले आहे, तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. आज त्यात शिरत नाही.

हे कलम कसे आले तेही आपल्याला माहीत असावे. १९४९ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घटना समितीपुढे मांडले. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमात सरकारच्या हातात फार मोकळीक राहिली, अशी टीका तोपर्यंत बरीच झाली होती. या तरतुदी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात होत्याच. मग घटनेत कशाला? बाबासाहेबांचे म्हणणे असे, की साधा कायदा विधिमंडळाला बहुमताने बदलता येतो. घटनेत घातले की ते हात बांधले जातात. जुना फौजदारी प्रक्रिया कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता आली, सगळे आकडे बदलले, वकील मंडळी अजून जुने आकडेच बोलतात. पण चोवीस तास तेच राहिले.

चोवीसच तास का, हे आम्हाला आमच्या विद्येतून जास्त चांगले कळते. माती परीक्षणाचा नमुना तुम्ही सगळे काढता. बांधाजवळचा घ्यायचा नाही, उकिरड्याच्या जागेचा घ्यायचा नाही, झाडाखालचा नाही. का? कारण एकदा चुकीच्या जागेची माती पिशवीत गेली की प्रयोगशाळा कितीही चांगली असो, अहवाल तुमच्या शेताचा येत नाही. कोर्ट ही प्रयोगशाळा आहे. नमुना भरला जातो तो ठाण्यात, पहिल्या दोन-तीन दिवसांत. जबाब, जप्ती, पंचनामा, अंगावरच्या जखमा यांची नोंद तेव्हाच होते किंवा तेव्हाच चुकवली जाते. तिथे मार देऊन काही वदवून घेतले, तर पुढे निकाल कशाचा लागणार? म्हणून तर पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्याच भागाला किंमत. कलम २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याने सही करायचीच नसते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

गंमत पाहा. बोगस बियाण्याची तक्रार आपण करतो. निरीक्षक दुकानात जातो, नमुना काढतो. १९६६ च्या बियाणे कायद्यात लिहिले आहे की त्या नमुन्याचे भाग करून एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला द्यायचा. दुकानदार तो भाग मागून घेतो, कुलपात ठेवतो, आणि वेळ आली की कोर्टात काढतो. त्याला कोणी म्हणते का, की बोगस बियाणे विकणाऱ्याला कसले हक्क? बी विकणाऱ्याला आपला वाटा मागायची अक्कल आहे. पेरणाऱ्याला आपल्या अटकेचा कागद मागायची नाही.

तर त्या तरुणाची आई आमच्याकडे आली होती. बुधवारी. पोरगा कुठे आहे एवढेच विचारत होती. ठाण्यात विचारले तर इथे नाही म्हणून सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू यांच्या प्रकरणात घालून दिले आहे, की अटक कुणी केली, केव्हा केली याचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, घरच्यांना कळवायचे, दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. यातले बरेचसे आज संहितेतही आहे. तो 'प्रतिष्ठित माणूस' म्हणजे आपण! आम्हाला हे तेव्हा वाचून माहीत होते. तरी आम्ही त्या बाईला म्हणालो, 'कायदा आपले काम करील, तुम्ही घरी जा.' कायदा काही करीत नव्हता. तो आमच्या एका फोनची वाट पाहत होता. ती बसली होती तिथेच थोडा वेळ. मग गेली.

पुढचे थोडक्यात सांगतो. जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा, एक हमीदार. हमीदाराकडे सातबारा पाहिजे. सातबारा कुणाकडे? आपल्याकडे. त्याच्या समाजात कुणाच्या नावावर गुंठाही नव्हता. जामिनाचा हुकूम हातात असून तो तरुण आठ महिने आत राहिला. वर्ष-दीड वर्षाने मोटारी चोरणारी टोळी दुसऱ्याच जिल्ह्यात सापडली, आणि हा निर्दोष सुटला. गावात कुणी त्यावर बोलले नाही.

आणि तीन वर्षांनी पाळी आपली आली. वीज कार्यालयात आंदोलनाच्या वेळी काचा फुटल्या. आपल्या एका कार्यकर्त्याला रात्री घरातून उचलले. दोन दिवस नोंद नाही. आम्ही धावलो, वकील घेतला, ठाण्यात जाऊन चोवीस तासांचे कलम तावातावाने सांगितले. ठाणे अंमलदार शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, 'साहेब, त्या पारध्याच्या वेळी तुमचीच माणसे म्हणत होती, चार दिवस ठेवा. तेव्हा हे कलम नव्हते का?' आम्हाला उत्तर देता आले नाही. आजही आमच्याकडे उत्तर नाही.

कोणी म्हणेल, पारधी आणि शेतकरी एका पंक्तीत कसे बसवता? इंग्रजांनी बसवले होते, जवळजवळ. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. जन्मला तोच गुन्हेगार. हजेरी दिल्याशिवाय गाव सोडायचे नाही. १९५२ साली तो रद्द झाला. लोकांच्या मनातून आणि ठाण्याच्या वहीतून मात्र नाही. आणि १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली तेव्हा दख्खनभर नऊशेवर कुणबी धरले गेले. त्यांना कुणी विचारले, तुमचे म्हणणे काय? सरकारच्या लेखी तेही दंगलखोरच होते.

आता कामाचे बोलू. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. अटकेची गरज काय ते पोलिसाने लिहून ठेवायचे, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मोटारचोरीचा संशयितही यातच येतो. नोटीस आली तर मात्र जायचे, टाळायचे नाही. टाळली की अटकेला कारण मिळते. अटक झालीच तर कारणे लेखी हवीत. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणत्याही कायद्याखालचा गुन्हा असो, कारणे लेखी द्या, त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्या, आणि रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्या; नाहीतर अटक बेकायदा. तो आरोपी मुंबईतल्या श्रीमंत घरातला होता, गाजलेल्या मोटार अपघाताचा. त्याने वकील लावून जो कागद मागितला तो आता तुमच्या आमच्या पोरालाही मागता येतो. मागायला कोणीतरी तिथे असले पाहिजे, एवढेच.

मागच्या बैठकीत एका बहिणीने विचारले होते, बायकांचे काय? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. दारात रात्री गाडी आली तर हे म्हणायला घाबरू नका.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण सगळ्यांत जास्त ऐकू येते. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुक्याला विधी सेवा समिती असते, फोन १५१०० आहे. फुकटचा वकील चांगला नसतो असे लोक म्हणतात. काही तसे असतात, काही पैसे घेणाऱ्यांपेक्षा बरे असतात. पहिल्या रिमांडला कोणीच नसण्यापेक्षा दोन्ही बरे.

आणि जामीन. देशाच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा हमीदार मागितला आणि भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवले आणि हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने आणखी सांगितले, की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, आणि महिन्यात हमीदार मिळाला नाही तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टाने आपणहून करायचा. हे माहीत असते तर आठ महिने वाचले असते. किंवा आमच्या सातबाऱ्याने वाचले असते. तो बोजाने भरलेला आहे म्हणून आपण रोज ओरडतो, तरी पंधरा हजारांच्या हमीला तो पुरला असता.

काहीजण विचारतील, हमी दिली आणि तो पळाला तर? तर ती रक्कम भरावी लागेल. हे लपवायचे कारण नाही. माणूस पाहून, घर पाहून हमी द्या. पण जात पाहून नाकारू नका.

जेवणाआधी एक काम करायचे आहे. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. प्रत्येक गावातून दोन नावे हवीत, फोनसह. रात्री-अपरात्री कुणालाही, कुठल्याही जातीच्या माणसाला उचलले तर यांनी ठाण्यात जायचे, उचलल्याची वेळ वहीत लिहायची, अटकेचा कागद मागायचा आणि १५१०० ला फोन करायचा. त्यांची सही पंचनाम्यावर मागितली तर वाचून, खरी तारीख आणि खरी वेळ असेल तरच करायची. नसेल तर नको म्हणायचे. दुसऱ्या पानावर हमीदार व्हायला तयार असलेल्यांनी गट नंबर लिहायचा. तिथे पहिला गट नंबर आमचा आहे. दुसरा त्या गावप्रमुखाचा आहे. तो आज इथे बसला आहे, आणि हे सगळे सांगायला त्यानेच आम्हाला परवानगी दिली.