रंगामुळे रोग दिसतो



आज मी तुम्हांला रंगाची गोष्ट सांगणार आहे. हा रंग लुगड्याचा नव्हे आणि भिंतीचाही नव्हे. हा रंग रोग ओळखण्याच्या कामी येतो.

आधी घरचीच हकिकत सांगतो. माझे थोरले बंधू तंबाखू खात. त्यांच्या गालाच्या आत जखम झाली. ती बरी होईना. डॉक्टर म्हणाले, "छोटा तुकडा काढून तपासू." लोक म्हणाले, "शस्त्र लावू नका. शस्त्र लागले की रोग पसरतो." दादांनी लोकांचे ऐकले. सहा महिने गेले. मग फार उशीर झाला. दादा गेले.

पुढे काही वर्षांनी माझ्याच तोंडात पांढरा चट्टा उठला. मीही तंबाखू खाणाराच. मास्तर असून खात होतो, हे कबूल करतो. या वेळी मात्र मी तुकडा काढू दिला. बधिर करण्याची सुई टोचली, तेवढेच काय ते दुखले. मी डॉक्टरांना विचारले, "एवढ्याशा तुकड्यावरून तुम्हांला काय कळणार?" ते हसून म्हणाले, "मास्तर, आठ दिवसांनी या. दाखवतो."

मी गेलो. त्यांनी एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू शेकडो पट मोठी करून दाखवणारे यंत्र. मी डोळा लावला. पण काही नीट दिसेना. नुसता उजेड!

"हा तुकडा रंगवलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "आता हा बघा." त्यांनी दुसरी पट्टी ठेवली. आणि काय सांगू! सगळीकडे गुलाबी घरे, आणि घराघरात एक निळा ठिपका.

असे का झाले? भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे. पेशी फार लहान असते. एका मिलिमीटरच्या जागेत लहान पेशी पन्नास ते शंभर बसतात. शिवाय पेशीत बहुतेक पाणीच. त्यामुळे ती पारदर्शक असते. पाण्यात काचेचा तुकडा टाकला तर तो चटकन दिसतो का? नाही. पेशीचेही तसेच. म्हणून तिला रंग द्यावा लागतो.

आधी तुकडा फॉर्मलिन नावाच्या औषधात ठेवतात. त्यामुळे तो कुजत नाही. मग त्यातले पाणी काढून मेण भरतात. मेणामुळे तो घट्ट होतो. मग यंत्राने त्याचे पातळ काप काढतात. किती पातळ? एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातले चार-पाच भाग, एवढीच जाडी! हा काप काचेवर ठेवतात, मेण काढून टाकतात आणि मग रंगवतात. एवढी कामे असतात म्हणून निकालाला दिवस लागतात. उगाच कोणी ताटकळत ठेवत नाही.

रंग दोन. निळ्या रंगाचे नाव हिमॅटॉक्सिलिन. तो एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. आपल्याकडे पतंगीच्या लाकडातून लाल रंग काढीत, तसाच हा प्रकार. पण नुसता हा रंग नीट धरत नाही. त्याला तुरटी लागते. कापडाचा रंग पक्का व्हावा म्हणून रंगारी तुरटी वापरतो ना? तीच युक्ती! जर्मनीत १८६५ साली बोमर यांनी या रंगात तुरटी मिसळली. दुसरा रंग इओसिन. तो गुलाबी असतो आणि कारखान्यात बनतो.

लोकरीला धरणारा रंग सुताला धरेलच असे नाही. इथेही तसेच. पेशीच्या आत एक केंद्र असते. त्यात एक आम्ल असते. तुरटीचा निळा रंग त्याला धरतो. बाकीच्या भागात प्रथिने असतात. त्यांना गुलाबी रंग धरतो. म्हणून केंद्र वेगळे उठून दिसते.

निरोगी गालाच्या पेशी ओळीने रचलेल्या असतात. केंद्रेही सारखी असतात. कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडते. केंद्रे मोठी, गडद आणि वेडीवाकडी होतात. तण बांध ओलांडून शेजारच्या शेतात शिरते, तशा या पेशी आपली हद्द ओलांडून खाली शिरतात.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर अशा तुकड्यांचा अभ्यास करीत. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधाकडे त्यांनी लक्ष वेधले.

माझ्या तुकड्यात काय निघाले? खालच्या ओळी बिघडू लागल्या होत्या, पण बांध ओलांडला नव्हता. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तो चट्टा काढून टाकला. मी त्या दिवसापासून तंबाखू सोडली. अजूनही दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून येतो.

मंडळी, तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांकडे जा. तंबाखू आणि मिश्री लावणाऱ्यांनी तर जावेच. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तुकडा न काढल्याने रोग लपून राहतो. माझ्या दादांचा लपून राहिला. तुमचा राहू देऊ नका.