गुडघा बदलल्यानंतरचे दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. घरात जे पाहिले व केले तेवढेच सांगणार आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. त्यांचे वय अडुसष्ट. तेव्हापासून आठ-दहा घरांतून मला विचारणा झाली की, खर्च किती आला, डॉक्टर कसे आहेत, ऑपरेशन फार दुखते का. पण घरी आल्यावर काय होते, हे कोणीच विचारीत नाही. ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपते. पुढचे वर्ष मात्र आपल्याला काढायचे असते. म्हणून मी बोलायला हाच विषय घेतला.

ऑपरेशनविषयी दोनच शब्द. गुडघ्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागले म्हणजे दोन्ही हाडांची टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवितात व मध्ये टणक प्लॅस्टिक घालतात. आपण समजतो तसा सगळा गुडघा काढून टाकीत नाहीत. वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा व जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईला बदलला, तेव्हा हे ऑपरेशन घरोघर माहीत झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, म्हणून आमच्यासारख्या घराला त्याचा विचार तरी करता आला.

आपल्याकडे आजारी माणसाने पडून राहावे अशी समजूत आहे. येथे सगळे उलटे. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना वॉकर धरून उभे केले. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच त्यांना उभे केले! पण पडून राहिले तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते, आणि गुडघा न हलविल्यास आतल्या आत जखम भरताना तो आखडतो. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

व्यायाम शिकविणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येत. त्या कोनमापक लावून गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो ते मोजीत. सपाट जागी चालायला साधारण सत्तर अंश लागतात. जिन्याला व खुर्चीतून नीट उठायला नव्वद-शंभर लागतात. तो आकडा मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवी. ते कॅलेंडर आज मी बरोबर आणले आहे. बाराव्या दिवशी पासष्ट. सोळाव्या दिवशी पंच्याहत्तर. आम्ही सगळे खूष. अठराव्या दिवशी पुन्हा सत्तर. तेविसाव्या दिवशी ब्याऐंशी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहिले आहे, "रात्रभर झोप नाही." हे असे वरखाली चालते. मुलाची उंची दारावर खुणा करून मोजावी तशी ही बाब नाही.

असे का होते ते बाईंनी समजावून सांगितले. चांगल्या दिवशी माणूस हुरूपाने जास्त चालते. सासूबाई एका दिवसात तीन वेळा अंगणातल्या तुळशीपर्यंत गेल्या. मग दुसऱ्या दिवशी गुडघ्याला सूज येते, आणि पाण्याने भरलेली रबरी पिशवी जशी दुमडत नाही तसा सुजलेला सांधा वाकत नाही. आत काही मोडले असे नव्हे. त्या दिवशी चालणे कमी करावे, पाय उंच ठेवून पडावे, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, आणि हलके व्यायाम मात्र सोडू नयेत. सूज तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त, येत-जात राहते. गुडघा हाताला गरम लागतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते. चालताना आत टक टक वाजते, कारण तेथे आता धातू व प्लॅस्टिक आहे. ह्यातले प्रत्येक आम्हाला पहिल्यांदा दिसले तेव्हा घरात घबराट झाली, म्हणून आज मुद्दाम सांगते.

परंतु काही गोष्टींना घाबरलेच पाहिजे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरत चालली, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. आणि जखमेवर हळद, लेप, तेल काही लावू नये. आमच्याकडे तीन निरनिराळी तेले आली. देणाऱ्यांचा भाव चांगला होता. मी ती देवघराच्या फळीवर ठेवून दिली.

आणखी एक. गुडघ्याखाली उशी ठेवू नये. दुखणाऱ्या माणसाची दया येऊन हात आपोआप उशीकडे जातो. तेवढ्यापुरते बरेही वाटते. पण गुडघा वाकलेलाच राहतो व पुढे सरळ होत नाही, मग माणूस जन्मभर लंगडत चालते. गुंडाळलेले टॉवेल टाचेखाली ठेवावे. गुडघा वाकणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो सरळ होणे.

आता खरी कठीण गोष्ट सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बऱ्याच बायका आल्या. तेव्हा नववा आठवडा चालू होता. पलीकडच्या आळीतल्या एक आजी तिसऱ्या आठवड्यात काठी टेकीत मंडईत गेल्या, हे त्या दिवशी सासूबाईंना निदान पाच जणींनी ऐकविले. वाण घेऊन बायका गेल्या आणि सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केले. "मला फसवलंत तुम्ही सगळ्यांनी. होता तो गुडघा बरा होता." दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाईंना परत पाठविले. चार दिवस त्यांनी पाय हलविला नाही. नव्वदीच्या जवळ आलेला आकडा ऐंशीवर आला. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने होईपर्यंत सुधारणा दिसली नाही तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल." ते ऐकून तर त्या जेवेनाशा झाल्या.

ह्यांचे म्हणणे पडले की, आईला जरा कडक बोलावे. मला ते पटले नाही. दुखणे त्यांना होत होते, आपल्याला नव्हते. मी बाईंना विचारले की, त्या आजींचे इतके लवकर कसे झाले? त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी ज्याचा गुडघा चांगला वाकत असतो त्याचा नंतरही लवकर वाकतो. सासूबाईंचा गुडघा ऑपरेशनच्या आधीच कित्येक वर्षे आखडलेला होता, मांडीही घालता येत नव्हती. मग त्या आजींशी बरोबरी कशाला? हे मी सासूबाईंना बाईंच्याच तोंडून ऐकविले. सुनेने सांगितले असते तर समजूत काढते आहे असे वाटले असते.

त्यांची थोरली बहीण पुढच्या गल्लीत माडीवर राहते. अकरा पायऱ्या आहेत. मावशी अंथरुणाला खिळलेल्या, आणि दोघी बहिणींची वर्षभर भेट नव्हती. मी म्हटले, "आई, नव्वद अंश आपण सोडून देऊ. अकरा पायऱ्यांपुरता गुडघा करू." तेव्हा प्रथम त्या माझ्याकडे वळल्या. अर्धा तास सलग व्यायाम त्यांना सोसत नसे. त्याचे आम्ही पाच-सात मिनिटांचे पाच भाग केले. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी अर्धा तास देऊ लागलो. एकच पायरी, दाराची, सकाळ-संध्याकाळ. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी नेहमी चांगल्या पायाच्या हातात. होळीच्या आदल्या दिवशी त्या कठडा धरून मावशींकडे चढून गेल्या. मी खाली उभी राहिले. दोघी बहिणी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. दीड तासाने हाक आली.

सेवा करणाऱ्या बाईविषयीही बोलले पाहिजे. पहिला दीड महिना रात्री तीन-तीनदा उठावे लागते. सुनेने करायचेच असते असे सगळे म्हणतात, पण मुलगाही त्याच घरात असतो. रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या व संध्याकाळचा व्यायाम ह्यांच्याकडे दिला. आपल्या मंडळातल्या दोघी मंगळवारी व शुक्रवारी दुपारी दोन तास सासूबाईंपाशी येऊन बसत. त्या दोन तासांत मी बाजारात गेले नाही, की घर आवरले नाही. मी झोपत असे.

आता दहा महिने झाले. नव्वदीच्या पुढे कधीच गेलो, शेवटी एकशे पाच मोजले. सासूबाई काठीशिवाय देवळात जातात. जमिनीवर बसत नाहीत, तसे डॉक्टरांनीच सांगितले आहे. पूजा उंच पाटावर देव ठेवून स्टुलावर बसून करतात. पाऊस लागला की पहाटे गुडघा जड होतो. डावा गुडघाही झिजलेला आहे. त्याचे काय, असे विचारले तर म्हणतात, "यंदाची दिवाळी होऊ दे."

तोपर्यंत वॉकर, कमोडची खुर्ची व बर्फाच्या दोन पिशव्या आमच्या माळ्यावर पडून आहेत. वॉकरचे रबर नवे घातले आहे. ज्यांच्या घरी लागेल त्यांनी न्यावे. कॅलेंडर मात्र घरी येऊन बघावे, ते देणार नाही; त्याच्यावर दुधाचाही हिशेब आहे.